सासूबाईंचा पत्ता

लुआंग्वा नदीच्या काठी चिंचेखालचा कॅम्प होता. पाटीवर त्याचं नाव काहीतरी भारी होतं, पण ते फक्त पाहुणे वाचायचे. तिथं लॅमेक जेरे वाटाड्या होता तोवर रोजची एक गोष्ट ठरलेली. सकाळी चहा झाला, पाहुण्यांची रांग मागं घेऊन तो पायी रानात निघाला, पुढं बंदूकवाला शिपाई, शेवटी चहाची किटली घेतलेला गडी, की मोटारीपाशी उभ्या असलेल्या अल्फोन्स म्वाबाची हाक यायचीच.

"अरे ए उंदीरखाऊ! परत येणार आहेस ना? नाही आलास तर तुझ्या वाटणीची न्शिमा मी खाऊन टाकतो."

लॅमेक वळूनसुद्धा बघायचा नाही. "खा की! तोंडी लावायला झाडावरचा तुझा काका घे उतरवून."

झाडावर बबून वानरं बसलेली असायचीच. नवखे पाहुणे घाबरायचे. त्यांना वाटायचं, आता हे दोघं एकमेकांच्या नरडीला लागणार. मग स्वयंपाकी साकाला म्हातारा त्यांना समजवायचा, की बाबांनो, हे भांडण नाही, ही सोयरीक आहे.

आणि ती सोयरीकच होती. लॅमेक न्गोनी, चिपाटाकडचा. अल्फोन्स बेम्बा, मुचिंगाच्या डोंगरापलीकडचा. या दोन जमातींच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी मनसोक्त फोडून घेतली होती. मग कंटाळा आला असेल, किंवा फोडायला डोकी उरली नसतील. त्यांनी ठरवलं, आता भाले कोपऱ्यात ठेवायचे आणि जिभा चालवायच्या. तेव्हापासून न्गोनी आणि बेम्बा हे एकमेकांचे चिम्बुया. चिम्बुयानं काहीही बोलावं, बापावरून बोलावं, नाकावरून बोलावं, डोक्यावरची टोपी उचलून न्यावी, चुलीवरच्या भांड्यात हात घालावा, समोरच्यानं रागवायचं नाही. उलट दुप्पट बोलायचं. ज्याला राग आला तो हरला, आणि त्याची आठवडाभर शोभा. न्गोनी उंदीर खातात म्हणून बेम्बांनी हसायचं आणि बेम्बा माकडं खातात म्हणून न्गोनींनी. एवढंच कशाला, माणूस मेला तरी सुटका नाही. खड्डा खणायला चिम्बुयाच येतो आणि खणता खणता म्हणतो, "माणूस बरा होता हो, पण खायचा फार. जरा रुंद खणा."

लॅमेकच्या लग्नात तर अल्फोन्सनं कहरच केला होता. नवरीला आणलं, तर चटईवर नवरीच्या जागी हाच, डोक्यावरून फडकं घेऊन, लाजून मान खाली घालून बसलेला. उठेचना. "मला आधी वचन दिलंय यानं," म्हणाला. शेवटी कोंबडीची तंगडी हातात पडली तेव्हा उठला, आणि उठताना नवरदेवाचे नवे बूट पायात घालून गेला. खरी नवरी एस्नात, ती हसून हसून खाली बसली. लॅमेक आपल्या लग्नात अनवाणी नाचला. कितीतरी वर्षं ही हकिगत सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसण्याचं.

रानातही तेच. एकदा दोघांनी मिळून पाहुण्यांना पायी फिरवायला नेलं होतं. वाटेवरून एक इवलासा उंदीर तुरुतुरु पळाला. अल्फोन्सनं हात वर करून सगळी रांग थांबवली आणि गंभीर आवाजात म्हणाला, "मंडळी, शांत उभे राहा. लॅमेकची न्याहारी रस्ता ओलांडतेय." थोडं पुढं एका बबूननं चहावाल्या गड्याच्या टोपलीतला पाव पळवला. लॅमेकनं टोपी काढून त्या वानराला लवून नमस्कार केला. "काका, पुतण्यालाही एक तुकडा ठेवा हो." पाहुणे इतके हसले की पाणवठ्यावरची पुकू हरणं उधळून गेली.

तर असे हे दोघे. स्वभाव मात्र दोन टोकांचे. लॅमेकला पायी चालणं आवडायचं. मोटारीत बसला की त्याला आपण कणगीत बसलोय असं वाटायचं. कोरड्या वाळूत उमटलेली पावलं, हत्तीच्या शेणातली न पचलेली फळं, दरडीच्या भोकाभोकांतून भिरभिरणारे लाल वेडे राघू, यांच्यापाशी तो पाहुण्यांना थांबवायचा. मोठं जनावर दिसलं तर दिसलं. अल्फोन्सचं तसं नव्हतं. तो मोटार चालवायचा, आणि पाहुण्यांचं पडलेलं तोंड त्याला बघवायचं नाही. सिंह दिसला नाही तर जणू याच्याच घरी जेवण करपलंय, असा तो ओशाळायचा. आपल्यावर सगळ्यांनी खूष असावं, ही त्याची भूक. वाईट भूक नाही म्हणा, पण भूक ती भूकच.

आता सासूबाईंचं.

ती एक बिबळी होती. जुन्या नदीपात्राच्या बाजूला तिचा वावर. एका सकाळी लॅमेक वाटेच्या वळणावर आला, तर समोर वाटेत ती पसरलेली. शिपायानं बंदूक सावरली. लॅमेकनं काय करावं? तो हळूच वाट सोडून बाजूला काट्यांत जाऊन उभा राहिला आणि नजर खाली घातली. बिबळी उठली, आळस दिला, आणि याच्या अंगावरून जावं तशी डौलात निघून गेली. शिपायाला हसू फुटलंच. "अरे, सासू आहे का तुझी ती?"

कारण तिकडं जावई सासूशी असाच वागतो. तिच्या डोळ्याला डोळा देत नाही, ती वाटेनं आली तर वाट सोडतो, आणि तिच्या झोपडीत पाऊल म्हणून टाकत नाही. तेव्हापासून बिबळीचं नाव पडलं सासूबाई. एस्नातची खरी आई गावाकडं होती, तिच्या कानावर हे गेलं. तिनं निरोप धाडला, "बरं झालं. तिच्याशी तरी नीट वागा म्हणावं."

लॅमेक नीटच वागला. तिच्या मागं कधी लागला नाही. ती दिसली तर लांबून बघायचा, पाहुण्यांना हळू आवाजात सांगायचा आणि वाट बदलायचा. पण त्याच्या मनाला एक बोचणी होती. सासूबाईंची पिल्लं जगत नव्हती. पहिलं वेत तरसांनी खाल्लं. दुसरं एका परक्या नर बिबट्यानं मारलं. दोन्ही वेळा ती कितीतरी दिवस नदीकाठानं हाका घालत फिरली, आणि तो आवाज, लाकूड करवतावं तसा, लॅमेकनं कॅम्पात बसून ऐकला होता. त्या वर्षी तिचं पोट पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तो एस्नातला म्हणाला, "या खेपेला एक तरी मोठं होऊ दे. मला दुसरं काही नको."

"माझ्या बाळंतपणाला इतका घोर नव्हता तुला," एस्नात म्हणाली.

"तुझ्यामागं तरसं कुठं होती?"

कोरडा हंगाम सरत आला तेव्हा लॅमेकला जागा कळली. जुन्या पात्रापलीकडं पुरात पडलेला एक मोठा आबनूस आडवा होता, आणि त्याच्या उपटलेल्या मुळ्यांखाली खोबण. समोरच्या उंच दरडीवरून, वारा उलटा असताना, त्यानं पाहिलं: सासूबाई खोबणीच्या तोंडाशी पडल्यात आणि दोन काळपट गोळे तिच्या शेपटीशी झोंबताहेत. दोन! तो तिथंच गवतात बसून राहिला. मग परत आला आणि पाहुण्यांना त्या बाजूला नेणंच त्यानं बंद केलं. कुणाला बोलला नाही. सासूच्या घरात आपण जात नाही, तर दुसऱ्याला कसं नेणार?

पण माणसाचं पोट काही रांजण नाही, आनंद साठवून ठेवायला. एका संध्याकाळी अल्फोन्सबरोबर भांडी घासायच्या जागी हात धुताना त्याच्या तोंडून गेलं, "सासूबाई बाळंत झाल्या. दोन आहेत."

"कुठं?"

"आहेत."

"माझ्यापासून लपवतोस? तुला पुरणार कोण आहे रे, मी का साकाला?"

"तू पुरशील, पण आधी खिसे तपासशील," लॅमेक म्हणाला. दोघे हसले. गोष्ट तिथंच राहिली.

त्याच आठवड्यात कॅम्पात पाहुण्यांचा एक गट आला, बिबट्या बघायलाच आलेला. आणि बिबट्या काही दिसेना. अल्फोन्स पहाटे निघायचा, भर उन्हात परत यायचा, पुन्हा दुपारी निघायचा. सिंह दाखवले, हत्ती दाखवले, पाणघोड्यांची झुंज दाखवली. पाहुणे म्हणायचे, "छान. पण बिबट्या?" अल्फोन्सचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं.

त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी, पाहुणे अंघोळीला गेले असताना, कामाची माणसं चुलीपाशी जेवायला बसली. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा होती, शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी होती, सुकी मासळी होती. अल्फोन्सनं लॅमेकच्या पुढ्यातली मासळी उचलली, त्याच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐका हो! उद्या सकाळी मी या उंदीरखाऊची सासू विकणार आहे. पाहुणे घेऊन जाणार तिच्या घरी, पिल्लांसकट दाखवणार!"

एकच हशा पिकला. लॅमेक सगळ्यात मोठ्यानं हसला. चिम्बुया चारचौघांत म्हणतोय, सासू विकतो! याला उत्तर काय द्यायचं एवढंच त्याच्या डोक्यात.

"विक, विक. पण आधी सापडू तर दे."

"सापडलीय. पाणघोड्यांच्या डोहापाशी, त्या मोठ्या वारुळात."

"वारुळात?" लॅमेकनं मांडीवर थाप मारली. "वारुळात तुझी आजी राहते, माकडा! बिबळी डोक्यावर येऊन बसली तरी तुला केसांतली ऊ वाटेल. जुन्या पात्रापलीकडं, आडव्या आबनुसाच्या मुळ्यांत आहे ती, आणि तू डोह हुडकत बस!"

लोक हसून लोळले. साकाला म्हातारा म्हणाला, "आज न्गोनी जिंकला." अल्फोन्सही हसला. पण तो घास तसाच हातात धरून जरा वेळ बसला, आणि मग नेहमीपेक्षा लवकर उठून हात धुवायला गेला. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लॅमेकच्याही नाही. जिंकलेल्या माणसाला कुठं काय दिसतं?

सकाळी लॅमेक आपले पाहुणे घेऊन नदीच्या वरच्या अंगाला निघाला होता. वेडे राघू दाखवत होता. तेवढ्यात जुन्या पात्राच्या दिशेनं मोटारीचा आवाज आला. मग दुसऱ्या मोटारीचा. मग आणखी. त्या भागात शेजारच्या कॅम्पांच्या मोटारीही फिरत, आणि एकाला काही दिसलं की बिनतारी यंत्रावरून तो दुसऱ्याला सांगे. तशी रीतच होती. आकाशात धुळीचा पट्टा उठला. पाहुण्यांना सोडून पळता येईना, तो सगळ्यांनाच घेऊन भराभर उंच दरडीकडं चालू लागला. शिपाई विचारत होता, काय झालं, काय झालं.

दरडीवरून सगळं दिसलं. आडव्या आबनुसाला मोटारींनी कोंडाळं केलं होतं. लोक बाकांवर उभे. सासूबाई उघड्या वाळूवर, भर उन्हात, तोंडात एक पिल्लू धरून पळत होती. तिची कधी कुणी अशी दशा पाहिली नव्हती. मोटारी वळल्या आणि तिच्या अंगाला अंग लावून धावू लागल्या. ती गवतात शिरली. झाडांवरचे बबून भुंकायला लागले होते, मोठे नर फांद्या हलवत होते. दुसरं पिल्लू मुळ्यांतच राहिलं होतं. मोटारींचं कोंडाळं गवताकडं सरकल्यावर खोबण मोकळी पडली, आणि बबून एकेक करून खाली उतरले.

लॅमेक ओरडला. पण पात्र रुंद होतं आणि वारा उलटा. बिबळीला त्रास होऊ नये म्हणून जी जागा त्यानं निवडली होती, तिथून माणसाचा आवाज पलीकडं पोचत नव्हता.

पुढच्या मोटारीत अल्फोन्स उभा होता, लॅमेकची टोपी घालून. त्याला दरडीवरची माणसं दिसली. त्यानं टोपी काढून आनंदानं हलवली. खरोखर आनंदानं. त्याच्या मागं पाहुणे एकमेकांना मिठ्या मारत होते.

दुपारी लॅमेक मोटारीपाशी जाऊन उभा राहिला. अल्फोन्स काच पुसत होता.

"का केलंस?"

"काय केलं? अरे, तुला तोंडावर सांगितलं की! सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या नेणार म्हणून. तू हसलास. पत्ता तू दिलास."

"मी हसलो, कारण तू चिम्बुया आहेस."

"मग चिम्बुयाचा राग धरतोस? हरलास तू, उंदीरखाऊ!" अल्फोन्स हसायला गेला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "त्यांचा शेवटचा दिवस होता रे. त्यांच्यातली म्हातारी बाई रडली, माहितेय? आनंदानं रडली."

"एक पिल्लू वानरांनी फाडलं."

अल्फोन्सच्या हातातलं फडकं थांबलं. त्याला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मी बाकीच्यांना बोलावलं नव्हतं. फक्त सांगितलं." आणि पुन्हा काच पुसू लागला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

लॅमेकनं साकाला म्हाताऱ्याकडं फिर्याद नेली. कामाच्या माणसांतले तंटे तोच मिटवायचा. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, चुलीतली लाकडं सारखी केली. मग म्हणाला, "पोरा, तुझं दुःख खरं आहे. पण चिम्बुयाच्या बोलण्यावर फिर्याद लागत नाही. त्यानं चोरून केलं असतं तर मी दोषी धरला असता. त्यानं सांगून केलं."

"सांगून गळा कापला तर तो गळा नसतो का?"

चोराला शिक्षा असते, वैऱ्याला भाला असतो. सोयऱ्यानं सगळ्यांदेखत हसत हसत केलेल्या घाताला पणजोबांनी काही ठरवूनच ठेवलं नव्हतं. त्यांना तसं कुणी करील असं वाटलंच नसावं.

सासूबाई पुढं नदीच्या खालच्या अंगाला दिसली. एकटीच होती. दुसऱ्या पिल्लाचं काय झालं, ते कधीच कळलं नाही.

त्या दुपारनंतरच्या पहिल्याच सकाळी लॅमेक पाहुणे घेऊन निघाला. मोटारीपाशी अल्फोन्स उभा होताच. जरा चाचरत, पण हाक दिलीच. "अरे उंदीरखाऊ! परत येणार ना?"

लॅमेक थांबला. वळला. दोन्ही हात जोडल्यासारखे करून हळू टाळ्या वाजवत, वडीलधाऱ्यांना करतात तसं किंचित गुडघ्यांत वाकला आणि म्हणाला, "येतो, बम्बो म्वाबा. आपला दिवस चांगला जावो."

अल्फोन्सचा चेहरा त्या दिवशी ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात, की बंदुकीच्या दस्त्यानं हाणलं असतं तर बरं झालं असतं. बेम्बाला न्गोनीनं बम्बो, म्हणजे साहेब, म्हणून अहो-जाहो करायचं, म्हणजे मधली सोयरीकच पुसून टाकायची. अल्फोन्सनं नाना प्रयत्न केले. लॅमेकचा चहा पिऊन टाकला, लॅमेक म्हणाला, "आणखी हवा का आपल्याला?" त्याचे बूट पळवले, लॅमेक दुसरे घालून निघाला. लॅमेकच्या देखत न्गोनी राजांना शिव्या दिल्या, लॅमेकनं मान हलवली, "आपण म्हणता तर तसंच असेल." कॅम्पात संध्याकाळी चुलीपाशी बसायला लोकांना नको वाटायला लागलं. पावसाआधी गवताच्या झोपड्या उतरवून कॅम्प मिटला, तो मिटल्यावर लॅमेक पुन्हा त्या नदीवर कामाला गेला नाही.

चिपाटाकडं गावी तो शेती करू लागला. मका, भुईमूग. मुलं मोठी झाली. अल्फोन्स मोठा वाटाड्या झाला, त्याचं नाव ऐकून लांबून लांबून पाहुणे यायचे म्हणे.

एका सुगीच्या दिवसांत, भर दुपारी, अल्फोन्स गावात आला. केस पांढरे झालेले, काखेत एक जिवंत कोंबडा. अंगणाच्या कडेला उभा राहून त्यानं आत हाक दिली, "ए उंदीरखाऊ! जिवंत आहेस का? का मीच पुरायला येऊ?"

चिम्बुया घरी आला की तो थांबत नाही. तो सरळ चुलीपाशी जातो, भांड्यावरचं झाकण काढतो, घरच्या बाईला म्हणतो, हे काय शिजवलंयस, माझ्या कुत्र्यानं नाक मुरडलं असतं. अल्फोन्स तसाच चुलीकडं निघाला होता. लॅमेक बाहेर आला, त्याच्या वाटेत एक खुर्ची ठेवली, हातानं झटकली.

"बसा, बम्बो म्वाबा. लांबून आलात."

अल्फोन्स खुर्चीकडं बघत राहिला. "लॅमेक, एक शिवी दे रे. एकच."

"एस्नात," लॅमेक आत बघून म्हणाला, "पाहुण्यांना हात धुवायला पाणी आण."

एस्नातनं पाणी आणलं. अल्फोन्स खुर्चीत बसला, अगदी कडेवर. तिनं घरातली चांगली ताटली काढली, कोंबडी शिजवली, तंगडी त्याच्या पुढं ठेवली. त्यानं थोडी खाल्ली. भाजीला मीठ नव्हतं, गडबडीत घालायचं राहिलं होतं; तो काही बोलला नाही. हात धुतले, आभार मानले. लॅमेक त्याला गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेला, पाहुण्याला पोचवतात तसा, अर्धं पाऊल मागं राहून.

तो परत आला तेव्हा एस्नात अंगणात उभी होती. "भाजी अळणी होती," ती म्हणाली. "आणि त्यानं गिळली. त्यानं, अल्फोन्सनं!"

लॅमेकनं खुर्ची उचलली, आत नेऊन ठेवली, आणि भुईमूग निवडायला बसला.